पंधरा नंबरची बाटली

बाटली ट्यूबलाइटसमोर धरली आणि आतली चिठ्ठी कोरी दिसली. आधी वाटलं, उलटी फिरली असेल. बाटलीला टिचकी मारली, आडवी केली, पुन्हा उभी केली. चिठ्ठी आतल्या आत सावकाश फिरली, दोन्ही बाजू दाखवून तळाशी जाऊन बसली. दोन्ही बाजू पांढऱ्या. स्पिरिटला मात्र निळसर झाक आली होती, इतकी फिकट की शोधली नसती तर दिसली नसती. मग शेजारची चौदा नंबरची बाटली काढली. तीही तशीच. टेबलावर मोबाइल पडला होता आणि त्यावर पुण्याच्या लॅबमधल्या मॅडमचा मेसेज सकाळपासून उघडाच होता: पंधरा नंबर पॉझिटिव्ह, चौदा निगेटिव्ह, पंधरा कुठल्या ठिकाणचा ते आज कळवा. साडेदहा वाजले होते. खाली शिरूरच्या बाजारात कुणीतरी दुकानाचं शटर वर ढकललं, त्या आवाजाने दचकायचं काही कारण नव्हतं, पण मी दचकले. हातातली बाटली तेवढी घट्ट धरली. आतल्या पिसवा तळाशी निवांत पडून होत्या. मी मोजल्या. पाच होत्या.

माझं काम पिसवा वेचण्याचं आहे. असं सरळ सांगितलं की समोरचा माणूस हसतो नाहीतर खुर्ची जरा मागे घेतो, म्हणून बहुतेक ठिकाणी मी नुसतं 'आरोग्य खात्यात' म्हणते. पदाचं नाव कीटक समाहारक असं भारदस्त आहे. ते ऐकून माझ्या नणंदेने मला एकदा, तू संस्कृत शिकवतेस का, असं विचारलं होतं. शिरूर आणि दौंड हे दोन तालुके माझ्याकडे. वरून गावांची यादी येते. त्या गावांत संध्याकाळी उसाच्या बांधाला, पाचटाच्या ढिगाशी, घरामागच्या सरपणात पिंजरे लावायचे आणि सकाळी उचलायचे. सापडलेला उंदीर कापडी पिशवीत घ्यायचा, औषधाच्या बोळ्याने गुंगवायचा आणि पांढऱ्या ट्रेवर धरून त्याच्या अंगावरून टूथब्रश उलटा फिरवायचा. पिसवा ट्रेमध्ये पडतात. ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक टिपायची, मोजायची, निम्म्या आपल्याकडे स्पिरिटच्या बाटलीत ठेवायच्या आणि निम्म्या त्याच नंबरच्या नळीत घालून पुण्याला पाठवायच्या. पिसवांच्या पोटात जंतू आहेत का, ते तिथे पाहतात. रानातल्या उंदराला त्या जंतूंचं फारसं काही वाटत नाही, भोगतो तो माणूस. या वेळी निघालेला जंतू तापाचा होता. प्लेगचा नव्हे. डोकं ठणकतं, अंगावर पुरळ उठतं, ताप दहा-पंधरा दिवस हटत नाही. वेळेवर ओळखला तर कॅप्सूलच्या एका पाकिटात माणूस उठून बसतो आणि नाही ओळखला तर म्हाताऱ्या माणसाच्या छातीत उतरू शकतो. पण हे मॅडमना आणि मला माहीत. उंदीर आणि पिसू हे दोन शब्द एका वाक्यात आले की लोकांच्या तोंडात तिसरा शब्द आपोआप येतो, आणि तो व्हॉट्सॲपवर एकदा चढला की कुणाच्या बापाला उतरवता येत नाही.

चिठ्ठी पेन्सिलने लिहायची, हा या कामातला पहिला धडा. मला तो सोपानराव मामांनी दिला. माझ्याआधी तीस वर्षं तेच या दोन तालुक्यांतले उंदीर विंचरत होते. निवृत्त होताना त्यांनी मला पेन्सिलींचं अख्खं पाकीट दिलं आणि म्हणाले, "मॅडम, स्पिरिट शाई खातंय. शिसं खात न्हाई. पेन कितीबी भारी असू द्या, बाटलीत न्यायचं न्हाई." नऊ वर्षं मी हे पाळलं. पेन्सिल कानामागे खोचून हिंडायची इतकी सवय झाली की एकदा लग्नाच्या पंगतीत सम्राटने, माझ्या नवऱ्याने, ती हळूच काढून खिशात घातली होती. नऊ वर्षांत एकही चिठ्ठी पुसली नाही. आणि आता पुसल्या त्या दोन, एकाच आठवड्यातल्या, एकाच पेनने लिहिलेल्या. ठिकाणं रजिस्टरमध्ये महिनाअखेरीला चिठ्ठ्या पाहून उतरवायची, ही माझीच पद्धत. बाटल्यांवर नंबर आधीच घातलेले असतात, पिशवीत हात घालून जी येईल ती घ्यायची, हीसुद्धा माझीच. त्यामुळे कुठला नंबर कुठला हे सांगायला त्या चिठ्ठीशिवाय जगात काही नव्हतं. फक्त मी होते.

ते पेन आनंदरावांचं. पाटसला त्यांच्या शेतातल्या घरी पिंजरे लावले होते, सकाळी अंगणात ट्रे मांडून बसले आणि चिठ्ठी लिहिताना पेन्सिलचं टोक तुटलं. टोकयंत्र जीपमधल्या बॅगेत होतं. उठून पन्नास पावलं जायचं, एवढंच काम. पण आनंदरावांनी तोवर खिशातलं पेन काढून पुढे केलं होतं. सोसायटीच्या इलेक्शनला वाटलेलं, वर पॅनेलचं चिन्ह छापलेलं. "घ्या मॅडम, ठिवा तुमच्याकडंच. आमच्या घरात असली पोतंभर पडल्यात." सत्तरीचा माणूस, टोपी काढून उंदराकडे वाकून बघत होता, शेपटीच्या टोकाचा केसांचा गोंडा बघून लहान मुलासारखा हरखला होता. मी पेन घेतलं. का घेतलं ते आज टेबलाशी बसून मला नीट कळत होतं. त्याच्या जरा आधी त्यांच्या बायकोने, झुंबरबाईंनी, दारातूनच विचारलं होतं, "आडनाव काय म्हनायचं तुमचं?" मी सांगितलं. "बरं, बरं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मग चहा आला. मला कागदी कपात, ड्रायव्हरला कागदी कपात, आनंदरावांना कपबशीत. आता सगळीकडे असंच असतं, धुवायचा त्रास नको म्हणून माझ्या स्वतःच्या घरात कागदी कपांची चळत आहे. ड्रायव्हरचं आडनाव तर त्यांच्यातलंच आणि त्यालाही कागदीच होता, हे मी लगेच पाहून घेतलं. पाहून घेतलं, याचाच मला राग आला. माझ्या वडिलांना चहा कशात मिळायचा हे मला माहीत आहे, निदान त्यांना शंका नव्हती. मला नुसती शंका आहे, आणि ती घेऊन रागावताही येत नाही नि विसरताही येत नाही. त्या अंगणात मला कुठल्याच गोष्टीला नाही म्हणायचं नव्हतं, अवघडलेलं दिसायचं नव्हतं, म्हणून मी पेन घेतलं आणि ठसठशीत अक्षरात चिठ्ठी लिहिली. निघताना आनंदराव म्हणाले, "आमच्या नातीचं नाव बी तेजश्रीच. तुमच्यावानीच नोकरीवाली व्हायचं म्हनती." खरं सांगते, मला ते आवडलं होतं. त्या उंदरावर तीनच पिसवा होत्या. एक पुण्याला गेली, दोन इथे. चौदा नंबरमध्ये आता दोन होत्या.

दुसऱ्या दिवशी यादीत आमचंच गाव होतं. तळेगाव ढमढेऱ्याच्या पुढे, आडरस्त्यावरचं एक गाव, आणि ओढ्याच्या अलीकडे आमची चाळीस घरांची वस्ती. मी यादी केली नव्हती, पण वस्तीत पिंजरे लावायला माझा पाय नेहमीपेक्षा हलका होता हे कबूल करायला हवं. सोजरआत्याच्या घरामागे सरपण आणि पाचटाचा ढीग असतो, तिथे एक पिंजरा ठेवला. आत्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत माहेरी परत आली ती कायमची. माझी आई मी तिसरीत असताना गेली आणि पुढचं सगळं आत्याने केलं. आता ऐंशीला आली आहे. तिच्या पायाशी टायगर नावाचा कुत्रा झोपतो. पूर्वी कुत्री अंगणात असायची. पण दोन वर्षांपासून बिबट्या उसातून येतो आणि अंगणातली कुत्री उचलून नेतो, म्हणून वस्तीत आता प्रत्येक घरात दिवस मावळला की कुत्रं आत घेऊन कडी लावतात. कुत्रं दिवसभर बांधावर उंदरांची बिळं उकरतं आणि रात्री पोराबाळांच्या वाकळेवर झोपतं. बिबट्यासाठी वनखात्याने पिंजरा लावला आहे, गावात फ्लेक्स लागलेत, मुलांना शाळेत सोडायला माणसं काठ्या घेऊन जातात. एवढ्या मोठ्या जनावराला लोक घाबरतात ते बरोबरच आहे. त्यापायी कुत्र्यांच्या अंगावरून घरात काय आलं, हे मला त्या सकाळी दिसायला हवं होतं. माझं कामच ते. पण मी तेव्हा आत्याच्या अंगणात खुशीत होते. वस्तीतल्या बाया बघायला जमल्या होत्या, आत्या नाकाला पदर लावून लांब उभी होती, आणि मी उंदीर विंचरत मोठमोठ्याने मोजत होते. नऊ. नऊ पिसवा, असं मी आत्याला ओरडून सांगितलं. चार पुण्याला, पाच इथे, पंधरा नंबरमध्ये. खिशात पेन होतं, तेच काढलं.

मला ही नोकरी लागली तेव्हा आत्या दोन दिवस बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "हातानं उचलायचं?" मी म्हटलं, "हातमोजे असतात आत्या." "आन् मग?" "मग तपासायचं, लिहायचं." "कागदावर सही कुनाची?" "माझीच." तिने भाकरी उलटली, कडेने दाबली. "मग कर," म्हणाली. तिच्या मनात त्या वेळी काय होतं ते मला ठाऊक होतं, कारण ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे, कधी चुलीपुढे, कधी शेताच्या वाटेवर, तुकड्यातुकड्यांनी. तिचा बाप म्हाळू, म्हणजे माझा आजोबा. गावात उंदीर पडायला लागले ते साल आत्याला सांगता येत नाही, ती पाच-सहा वर्षांची होती. गाठीचा ताप यायचा, एका घरात उंदीर पडला की घरातली माणसं रानात राहायला जायची. गावातल्या मोठ्या घरातलं धान्याचं पेव उघडलं तर आत उंदीरच उंदीर मेलेले. मेलेलं उचलायचं काम आमचं, म्हणून म्हाळूला बोलावणं आलं. त्याने ते पाटीत भरले, ओढ्याअलीकडे नेऊन पुरायला खड्डा घेतला, आणि नेमका तेव्हाच सरकारी माणूस चौकशीला आला. त्याने पाटी पाहिली, पाटीवाला पाहिला, वस्ती पाहिली, आणि वहीत लिहिलं. म्हाळू सांगत होता की उंदीर तिकडचे आहेत. चला, पेव दाखवतो म्हणाला. पेवाचं तोंड तोवर शेणामातीने लिंपून झालं होतं. चार दिवसांनी वस्तीची छपरं उतरवून जाळली. मोठ्या घराला काही झालं नाही, म्हणजे लिहिण्यातलं काही झालं नाही. त्यांचा एक मुलगा मात्र त्या तापात गेला, कारण औषध मारायला कुणी तिकडे गेलंच नाही. आत्या हे शेवटचं वाक्य नेहमी हळू आवाजात सांगते, आणि ते सांगताना तिच्या तोंडावर समाधान कधी नसतं.

तर आता पेन्सिल माझ्याकडे होती. बाटलीचं झाकण उघडायचं, चिमट्याने कोरी चिठ्ठी काढायची, नवीन घालायची. दोन मिनिटांचं काम. तिच्यावर पाटस लिहिलं तर कुणाला कळणार होतं? आनंदरावांच्या घरावर एक कागद चिकटला असता, फवारणीवाले आले असते, चार कॅप्सूलची पाकिटं वाटली असती. त्यांचा ऊस कारखान्यात जायचा राहिला नसता. त्यांच्याशी बोलणं कुणी टाकलं नसतं. आठ दिवसांनी त्यांनीच ती गोष्ट चावडीवर हसून सांगितली असती. आमच्या वस्तीचं तसं नव्हतं. वस्तीतल्या तीस-एक बाया रोज सकाळी टेम्पोत बसून भाजी तोडायला जातात. मागे नुसती डेंगीची दोन माणसं निघाली तर पंधरा दिवस टेम्पो ओढ्यापाशी न थांबता पुढे गेला होता. डेअरीवाल्याने वस्तीतलं दूध वेगळ्या कॅनमध्ये घ्यायला सुरुवात केली, तो अजून वेगळंच घेतो. आणि या वेळी शब्द डेंगी नसता. माझ्या डोक्यात हे सगळं अगदी शांतपणे चाललं होतं. मी घाबरले नव्हते, उलट फार दिवसांनी डोकं स्वच्छ झाल्यासारखं वाटत होतं. एकदा त्यांनी आमचं नाव लिहिलं, आता मी त्यांचं लिहिते. कुठले ते आणि कुठले हे, पाटसचा आणि आमच्या गावातल्या त्या घराचा काही संबंध नव्हता. पण हिशेब असाच मनात येतो, नावागावाची चौकशी न करता. त्या कागदी कपाची कड मला ओठाला जाणवली.

आणि याहूनही सोपा रस्ता होता, तो नियमातच लिहिलेला. चिठ्ठी नसलेला नमुना बाद. साहेबांचा फोन अकराला आला, ते पुण्याला मीटिंगमध्ये होते. "मॅडम, पंधरा नंबरचं ठिकाण द्या ना, मला दुपारी वर सांगायचंय." मी म्हटलं, "सर, चिठ्ठीचा जरा घोळ झालाय, बघून सांगते." "चिठ्ठी खराब असेल तर बाद करू, पुढच्या महिन्यात परत घेऊ. पण काय ते आज सांगा." त्यांचं काही चुकलं नव्हतं. बाद, म्हणजे ना पाटस, ना आम्ही. संध्याकाळी मी गुपचूप आत्याकडे कॅप्सूलचं पाकीट घेऊन गेले असते. कारण आत्याला ताप होता. काल रात्री जेवताना तिचा फोन आला होता. "अंगात कसर हाय तीन-चार दिस, डोकं लई ठनकतंय," आणि मी पोळी मोडत म्हटलं होतं, "थंडीचं असेल, काढा घे." पिसवांच्या तापावर लोकांना भाषणं देणारी मी! सकाळी मेसेज वाचला तेव्हा आधी तिचं डोकं आठवलं आणि मग बाटली शोधायला उठले. आत्या वाचली असती, वस्तीचं नाव वाचलं असतं, मी वाचले असते. राहिली असती ती एकोणचाळीस घरं, ज्यांना गुपचूप कॅप्सूल नेऊन देणारी भाची नव्हती. त्या घरांतली कुत्रीसुद्धा बिबट्याच्या भीतीने आतच होती. मी पंधरा नंबरची बाटली रुमालात गुंडाळून पर्समध्ये घातली, चिमटा, पेन्सिल आणि दोन-चार नव्या चिठ्ठ्या घेतल्या. नमुना ऑफिसबाहेर न्यायचा नसतो. त्या दिवशी माझ्याकडून नियमात बसेल असं काही होईना.

शिरूरहून शिक्रापूरपर्यंत एस.टी. आणि पुढे जीप. रांजणगावला पहिली पाळी सुटायला वेळ होता, कंपनीच्या बसेस रिकाम्या उभ्या होत्या. त्यातल्या कुठल्या तरी शेडमध्ये सम्राट कानात बोळे घालून मशीनपुढे उभा असेल, त्याला फोन करावासा वाटला, पण करून काय सांगायचं? तो म्हणाला असता, तुला वाटेल ते कर. त्याचं नेहमीचं उत्तर. प्रेमाने देतो, पण त्या उत्तराचा आजवर कधी उपयोग झालेला नाही. शेजारच्या बाईच्या मांडीवर भाजीची पिशवी होती, माझ्या मांडीवर पर्स. खड्डा आला की मी दोन्ही हातांनी पर्स उचलून धरायचे. मेलेल्या पिसवांना गचके बसतील म्हणून काळजी घेणारी बाई मी पहिलीच असेन. रस्त्याच्या कडेला तोड चालू होती, उसाच्या एका फडाचा मधला पट्टाच उभा राहिला होता आणि त्याच्या चारी बाजूंना माणसं काठ्या घेऊन थांबली होती. शेवटच्या पट्ट्यातून काय निघेल सांगता येत नाही. निघतात ते बहुतेक उंदीरच, आणि ते धावतात जवळच्या घरांकडे.

आत्या अंगणात बाजेवर उन्हात बसली होती. टायगर बाजेखाली. "ये. आज मधीच कशी?" म्हणाली आणि उठायला गेली, पण तिला उठता आलं नाही. कपाळ तापलेलं होतं. पोलक्याची बाही वर केली तर दंडावर बारीक लाल ठिपके. "मच्छर चावलं आसंल," ती म्हणाली. मी तिच्याशेजारी बसले. बोलायला तोंड उघडलं की माझी शिरूरची भाषा गळून पडते, तशी पडली.

"आत्या, तवाच्या उंदराच्या पिसवांत जंतू निघालाय. तापाचा. तुला बी त्योच दिसतोय. डॉक्टरला दावू, गोळ्यांनी जातो."

"गाठीचा?"

"न्हाई. गाठीचा न्हाई."

तिने धरून ठेवलेला श्वास सोडला. मग माझ्याकडे निरखून पाहिलं. "मग तोंड का पाडलंस?"

मी रुमाल सोडला, बाटली दाखवली. पेन, पेन्सिल, कोरी चिठ्ठी, सगळं सांगितलं. तिला सगळं समजलं, मधे एकदाही थांबवलं नाही. "ह्ये फकस्त मलाच म्हाईत हाय," मी म्हटलं. "पाटसचं नाव लिवलं तर कुनाला कळायचं न्हाई."

"त्यांच्या उंदरात व्हता का जंतू?"

"न्हाई."

"तुला काय बोलली का ती मानसं?"

"न्हाई. चहा दिला. पेन दिलं." कपाचं सांगायला गेले आणि सांगता येईना. काय सांगणार, कागदाचा होता म्हणून? डोळ्यात पाणी आलं. "आत्या, वस्तीचं नाव गेलं तर टेम्पो थांबायचा न्हाई. डेअरीवाले काय करतील. सगळं परत सुरू हुईल, आन् ते माझ्या हातनं."

तिने बाजेच्या दोरीत बोटं घातली. टायगरने कान खाजवला, आम्ही दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. "बा मरस्तोवर येकच बोलायचा," ती म्हणाली. "छपरं जळली त्याचं न्हाई. छपरं परत शाकारली. म्हनायचा, त्या मानसानं माझ्यासमूर लिवलं आन् मला वाचता आलं न्हाई. काय लिवलं त्ये छपरं पेटल्यावर कळलं." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हात भाजत होता. "हितं लिव. माझ्यासमूर."

मी झाकण उघडलं. स्पिरिटचा वास आला. चिमट्याने कोरी चिठ्ठी काढून बाजेवर ठेवली, ती उन्हात लगेच वाळून वाकडी झाली. नवी चिठ्ठी गुडघ्यावरच्या पर्सवर धरली आणि पेन्सिलने गावाचं नाव लिहिलं, खाली वस्तीचं.

"वाच."

मी वाचलं.

"वस्ती कशापायी? उंदीर चाळीस घरात घावला व्हय?"

"ठिकान लिवायचं असतं आत्या."

"तवा बी त्यानं वस्तीच लिवली व्हती." तिचा आवाज चढला नव्हता, तापाने जरा घोगरा झाला होता एवढंच. "घर कुनाचं ह्ये? घरकुलाच्या कागदावर नाव कुनाचं हाय?"

"तुझं."

"मग त्ये घाल."

चिठ्ठी बोटाएवढी असते. मी दुसरी घेतली, अक्षर बारीक केलं. सोजरबाई म्हाळू, हिचं घर; खाली गाव, खाली तारीख. सासरचं नाव तिने कधी लावलंच नव्हतं. मी वाचून दाखवलं. "म्हाळू लिवलंस?" तिने विचारलं. लिहिलं म्हटलं. मी चिठ्ठीची सुरळी करून आत सोडली, झाकण लावलं. तिने बाटली मागून घेतली आणि उन्हाकडे धरली. तिला सही येते, वाचता येत नाही. म्हाळू कुठं आहे ते दाखव म्हणाली. मी काचेवर बोट ठेवलं. माझं बोट बाजूला करून तिने तिथे आपलं ठेवलं.

"ह्ये पुसनार न्हाई?"

"न्हाई."

साहेबांना फोन लावायला मी मोबाइल काढला. तेवढ्यात ओढ्याकडून धुण्याची बादली घेऊन शेजारची सविता येत होती, तिच्या मागे तिची दोन पोरं आणि कुत्रं. आत्याने बाटली माझ्या हातात दिली, बाजेच्या कडेला धरून उभी राहिली, आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"सविता, हिकडं ये. माझ्या घरात रोगाचा उंदीर घावलाय. माझ्या घरात, तुमच्या न्हाई. पर पोरांची अंगं बघ आधी."